जत्रेतला तिसरा खेळ

आपल्याकडच्या जत्रेत तीन खेळ असतात असे मी म्हटले, तर तुम्ही लगेच बोटांवर मोजू लागाल. दुपारी कुस्त्यांचे मैदान, हा एक. रात्री तमाशा किंवा तंबूतला सिनेमा, हा दुसरा. मग तिसरा कोणता? तिसऱ्या खेळाला तिकीट नसते, त्याची वेळ ठरलेली नसते आणि त्याची जाहिरात कोणी भिंतीवर चिकटवत नाही. मैदान संपते, हलगी थांबते, लोक कपडे झटकत उठतात आणि गावाच्या वाटेला लागतात. तोच एकजण म्हणतो, “काय पण टांग मारली!” दुसरा म्हणतो, “टांग कसली? त्यानं आयता पाय दिला म्हणून लागली.” झाला तिसरा खेळ सुरू! तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चालतो, एस. टी.च्या मागच्या बाकावर चालतो, दुसऱ्या दिवशी दूध संस्थेच्या रांगेत आणि न्हाव्याच्या दुकानातही चालतो. दुपारची कुस्ती सात मिनिटांत निकाली झालेली असते; तिच्यावरचा वाद पुढच्या जत्रेपर्यंत निकाली होत नाही.

या तिसऱ्या खेळाविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. समीक्षा हा आमच्या अभ्यासक्रमातला एक वजनदार विषय. पोरे त्याला घाबरतात, आणि खरे सांगायचे तर त्या विषयावरची काही पुस्तके घाबरण्यासारखीच आहेत. पण पाहिलेल्या गोष्टीविषयी मत द्यावे, त्याचे कारण सांगावे, दुसऱ्याने ते कारण खोडले तर नवे शोधावे नाहीतर मत बदलावे, हा जो समीक्षेचा गाभा, तो आपल्या गावोगावच्या कट्ट्यांवर कोणत्याही पदवीवाचून चालू असतो. तो नीट चालतो का, आणि नीट न चालला तर कोणाचे काय बिघडते, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमची मंडळी पाच जणांची. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. दुसरा एस. टी.चा कंडक्टर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि शिक्षकाला गुरुजी, त्यामुळे आमच्यात येऊन बसलेल्या परगावच्या पाहुण्याचा घटकाभर चांगलाच घोटाळा होतो. तिसरे अण्णा, पेशाने शिंपी, वयाने सत्तरी ओलांडलेले. चौथा पैलवान. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पंचक्रोशीच्या मैदानांत त्याचे नाव होते. आता दोन म्हशी आणि दीड एकर ऊस. पाचवा मी. रविवारी सकाळी डेअरीत दूध घालून पैलवान आला की टपरीच्या बाकावर आमची बैठक भरते. त्या आठवड्यात कोणी काय पाहिले, यावर चहाचे दोन फेरे होतात. कधी सिनेमा असतो, कधी कुठल्या मैदानातली कुस्ती.

या बैठकीला एक नियम आहे. तो कोणी लिहिला नाही. एकदा मास्तरांनी एका नव्या चित्रपटाविषयी “भंगार आहे” असा दोन शब्दांत निकाल दिला आणि ते चहाकडे वळले. पैलवान म्हणाला, “मास्तर, कुठं भंगार हाय ते सांगा की. माझी कुस्ती कुणी भंगार म्हणालं तर मी इचारणारच, कुठला डाव चुकला म्हणून.” मास्तर गडबडले. मग हळूहळू बोलू लागले, आणि पंधरा मिनिटांनी असे निघाले की चित्रपट त्यांना आवडला होता. नायकाचा बाप मरताना जे गाणे घातले होते ते तेवढे खटकले होते! तेव्हापासून आमच्यात शेरा मारायचा तर डाव सांगावा लागतो.

या नियमाने काय होते, याचे एक उदाहरण देतो. २०१६ साली ‘दंगल’ आला. हरियाणातल्या फोगट भगिनी आणि त्यांचे पैलवान वडील यांची ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. आम्ही पाचही जण तालुक्याच्या गावी जाऊन तो एकत्र पाहून आलो. पुढचे तीन रविवार दुसरा विषय नव्हता. पैलवानाला आधी मुलींचे काम आवडले. तो म्हणाला, “पट काढायचा आसंल त्या पायाकडं पैलवान बघत न्हाई. बघितलं की समोरचा पाय मागं घेतो. या पोरींनी ती नजर बरोबर धरलीया.” मी शंभर चित्रपट-परीक्षणे वाचली असतील; अभिनयाविषयी इतके नेमके वाक्य मला त्यांत क्वचितच सापडले.

मग वाद आला तो शेवटच्या कुस्तीवर. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगट हिने ५५ किलो गटात सुवर्णपदक मिळवले, ही खरी गोष्ट. पण चित्रपटात ती कुस्ती अगदी अखेरच्या क्षणापर्यंत अडलेली दाखवली आहे. प्रत्यक्षात तिने ती सहज, एकतर्फी जिंकली होती. शिवाय चित्रपटात ऐन वेळी प्रशिक्षक तिच्या वडिलांना एका खोलीत कोंडून ठेवतो. असे काहीही घडले नव्हते. गुरुजी तापले. “खऱ्या माणसांची नावं घेता, खरी स्पर्धा दाखवता, आणि निकालाची कुस्ती खोटी रचता? पोरं हाच इतिहास धरून बसतात!” अण्णा शांतपणे म्हणाले, “गुरुजी, तो सिनेमा आहे. त्यानं तीन तास माणसं खुर्चीवर बसवायची, निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक. मग त्यानं काय करावं?” बाजू दोन्ही भक्कम. मी अण्णांच्या बाजूने होतो.

पैलवान बराच वेळ गप्प होता. मग तो बोलला ते आमच्या कोणाच्याच मनात आले नव्हते. “शेवटच्या सेकंदाला जिंकलेला माणूस नशिबानंबी जिंकलेला असू शकतो. एकतर्फी जिंकलेला नशिबानं जिंकत न्हाई. एकतर्फी म्हंजे तयारी किती आसंल बघा! सिनेमावाल्यानं तिची कुस्ती मोठी करायला म्हणून तिला बारीक केलं.” श्रोतेहो, याला म्हणतात परीक्षण. चित्रपटाने खोटे दाखवले एवढ्यावर तो थांबला नाही. त्या खोट्याने नायिकेचेच मोल कसे कमी झाले ते त्याने दाखवले. अण्णांना ते पटले नाही. पटावे असा आग्रहही नव्हता. गुरुजींनी मात्र कोंडून ठेवण्याच्या प्रसंगाचा मुद्दा सोडला नाही. त्या जागेवर खरोखरीचा प्रशिक्षक होता, त्याच्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील? चित्रपटात नाव बदलले म्हणजे प्रश्न सुटतो का? त्या प्रशिक्षकांनीही तेव्हा या चित्रणावर उघड नाराजी दाखवली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा; मला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

तुम्ही म्हणाल, सिनेमा कुठे आणि कुस्ती कुठे! एकाच दावणीला दोन्ही कशी बांधता? कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. तिथे या दोहोंचा शेजार शंभर वर्षांहून जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. वाडग्यासारखे खोलगट, मधोमध हौदा, चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. कुठेही बसा, पुढच्या माणसाचे डोके आड येत नाही. आणि त्याला लागूनच महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, ज्याला पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. भिंतीच्या एका अंगाला रंगभूमी, दुसऱ्या अंगाला लाल माती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा हळहळणाऱ्या गर्दीत नाटकवाले होते तसे तालमीतले लोकही होते.

त्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. त्यात कीचकवधाचा प्रसंग होता. भीम आणि कीचक, म्हणजे झुंजच की ती! ती झुंज आणि तो वध इतका खरा वाटला, की सेन्सॉरला तो भाग कापायला लावावा लागला. पडद्यावर खोटे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाच्या पोटातही गोळा यावा, हे पेंटरांचे यश. मैदानातल्या पैलवानाला असले यश नको असते. त्याची पाठ खरी टेकली पाहिजे.

माझ्या मते सारा भेद इथे आहे. प्रत्येक खेळ पाहणाऱ्याला एक वचन देतो. सिनेमा म्हणतो, हे सारे रचलेले आहे, पण रचलेले आहे हे तुम्ही दोन-तीन तास विसराल. मातीतली कुस्ती म्हणते, इथे काहीही रचलेले नाही. परीक्षण करणाऱ्याने आधी हे वचन पाहावे आणि मग ते पाळले की मोडले ते सांगावे. सिनेमाला “खोटा आहे” म्हणून झोडण्यात अर्थ नाही, आणि कुस्तीला “रंगली नाही” म्हणून नावे ठेवण्यातही नाही. दोन सावध पैलवान अर्धा तास खडाखडी करून बरोबरीत सुटले, तर ते मैदान कंटाळवाणे असेल; खोटे नव्हे.

पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरीच जात आहे, आणि वादाची खरी गंमत तिच्यात आहे. ती म्हणजे फ्रीस्टाइलच्या जंगी कुस्त्या. अण्णा चौदा-पंधरा वर्षांचे असताना मुंबईला चुलत्याकडे गेले होते. चुलते गिरणीत होते. त्यांनी पुतण्याला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंगची कुस्ती दाखवायला नेले. दारासिंग आणि तो अगडबंब किंगकाँग, हे नाव त्या पिढीत प्रत्येक पोराच्या तोंडी होते. किंगकाँग म्हणजे युरोपातून आलेला एमिल चाया नावाचा मल्ल. १९६२ साली दारासिंगचा ‘किंगकाँग’ याच नावाचा चित्रपट आला, पुढच्या वर्षी ‘फौलाद’ आला. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच त्याने अमेरिकेच्या लू थेझला हरवले. मैदानातला माणूस पडद्यावर गेला आणि पडद्यावरचा मैदानात आला. १९८७ साली दूरदर्शनच्या ‘रामायणा’त तो हनुमान झाला, तेव्हा तर घरोघरी त्याला हात जोडले गेले.

अण्णा सांगतात, त्यांच्या चुलत्याला पक्के ठाऊक होते की दारासिंग हरणार नाही. खात्यातल्या साऱ्यांनाच ठाऊक होते. तरी आठवडाभर ते वाद घालत: अमक्याने दोराबाहेर फेकले ते नियमात बसते का, तमक्याने पंचाच्या पाठीमागे डोळ्यांत बोट घातले ते कुणी पाहिले. “मग तुम्हाला फसल्यासारखं वाटलं नाही?” असे मी विचारले. अण्णा म्हणाले, “फसायला तिकीट काढूनच गेलो होतो की!” पैलवानाला हे मुळीच मान्य नाही. त्याचे म्हणणे, तसे असेल तर तिकिटावर ‘नाटक’ असे छापा. ‘कुस्ती’ हा शब्द वापरू नका. त्या शब्दासाठी माणसे पहाटे चारला उठून जोर मारतात.

मास्तरांची आणि माझी पिढी टेलिव्हिजनवर वाढली. केबल आली आणि अमेरिकेतल्या डब्ल्यू. डब्ल्यू. एफ.च्या कुस्त्या घरात आल्या. शाळेत त्या मल्लांच्या चित्रांचे पत्ते निघाले होते. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढला, किती जिंकला, सगळे आकडे पत्त्यावर छापलेले. एकाने वजन पुकारायचे, ज्याचे जास्त त्याने पत्ता जिंकायचा. मधल्या सुट्टीत आमच्यात या मल्लांवरून खरी मारामारी व्हायची, आणि ती अजिबात ठरवलेली नसे! मौज अशी, की त्याच्या आधीच, १९८९ साली, त्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे असे कबूल केले होते. कारण साधे होते: स्पर्धा म्हटले की सरकारी देखरेख आली आणि कर आला. २००२ साली तिने आपल्या नावात ‘एंटरटेनमेंट’ हा शब्दच घातला. २००७ साली हिमाचलचा दलीपसिंग राणा, म्हणजे द ग्रेट खली, तिथे जगज्जेता झाला तेव्हा आपल्याकडे पेढे वाटणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असूनही आनंद झाला. पैलवानाने त्यावर एकच अट घातली, आणि मला ती रास्त वाटते: तिथे “कोण जिंकले” यावर बोलू नका, “उडी कशी मारली” यावर बोला. बारा फुटांवरून पाठीवर पडून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहणे हे काही खोटे नाही.

सिनेमाच्या वादात मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘पिंजरा’वरचा वाद. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९७२ सालचा. श्रीराम लागू, संध्या, निळू फुले. आज पन्नास वर्षे उलटून गेली, तरी शिक्षक मंडळी जमली आणि ‘पिंजरा’चे नाव निघाले की चहा थंड होतो. तत्त्वनिष्ठ गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादाने कुठल्या कुठे जातात. गावाला वाटते, गुरुजी गेले. त्यांचा पुतळा उभा राहतो. आणि शेवटी ते गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभे राहतात, आणि गावापुढचा आदर्श मोडू नये म्हणून गप्प राहून शिक्षा पत्करतात.

आमचे गुरुजी म्हणतात, ते गप्प राहिले हेच त्यांचे शेवटचे आणि सर्वांत मोठे शिकवणे. मास्तर म्हणतात, ही लबाडी आहे. गावाला खरा माणूस पेलला नसता असे ठरवणारे हे कोण? पुतळा खोटा, तर त्यापुढे वाहिलेला हारही खोटा. मी ऐकलेल्या एका वादात एक शिक्षिका म्हणाल्या होत्या, की तुम्ही सगळे गुरुजींच्या पतनावर बोलता. त्या बाईला गावाने आधी कसे हाकलले त्यावर कोणीच बोलत नाही. त्या वाक्याने सगळ्यांची तोंडे बंद झाली. एका चांगल्या चित्रपटाचे हेच लक्षण की तो प्रत्येक पिढीला नव्या जागी अडवतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २०१६ साली हेच केले. गाण्यांवर थिएटरात नाचणारी पोरे शेवटी जिना उतरताना एकमेकांशी बोलत नव्हती. वाद दुसऱ्या दिवशी सुरू झाला, आणि तो चित्रपटावर कमी, आपापल्या घरांवर जास्त होता.

आता मघाशी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. चित्रपटाविषयी कट्ट्यावर कोणी काहीही बोलले तरी फारसे कोणाचे बिघडत नाही. कुस्तीचे तसे नाही. तिथे एक शब्द असा आहे की जो उच्चारायला अर्धा क्षण पुरतो आणि पुसायला आयुष्य पुरत नाही. तो शब्द म्हणजे ‘नुरा’. नुरा कुस्ती म्हणजे दोघांनी आधी ठरवून केलेली, पैसे घेऊन हरलेली कुस्ती. अशा कुस्त्या होतच नाहीत असे मी म्हणत नाही. ज्यांना मैदानाचा अनुभव आहे ते असे म्हणणार नाहीत.

आमच्या पैलवानाने ही हकीकत आम्हाला एकदाच सांगितली. उमेदीच्या काळात एका मोठ्या जत्रेत त्याची शेवटची, म्हणजे मानाची, जोड लागली होती. पंधरा दिवस आधी तालमीत त्याचा डावा खांदा दुखावला. वस्तादांनी शब्द दिलेला, पत्रके वाटली गेलेली, इनाम जाहीर झालेले. न लढावे तर “भ्याला” म्हणतील. तो उतरला. सलामी झाली, खडाखडी झाली, आणि चौथ्या मिनिटाला समोरच्याने त्याच डाव्या बाजूने घुसून त्याला चीत केले. अर्धा तास चालेल म्हणून बसलेले लोक उठले ते एकच प्रश्न विचारत: “एवढ्या लौकर कसा पडला?” आणि गावी पोहोचेपर्यंत त्या प्रश्नाचे उत्तर झाले होते. पाकीट घेतले!

पुढच्या हंगामात त्याला मानाची जोड मिळाली नाही. त्याच्या पुढच्या हंगामात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचीही नाही. आता पैलवानाचे अर्थशास्त्र शहरातल्या माणसाला ठाऊक नसते म्हणून सांगतो. दूध, तूप, बदाम, थंडाई हा खुराक चालतो इनामावर आणि गावातल्या हौशी माणसांच्या पदरमोडीवर. जोड गेली की इनाम गेले, नाव गेले की हौशी माणूसही हात आखडतो. खुराक थांबला की कुस्ती थांबली. सत्ताविसाव्या वर्षी तो घरी बसला. “कुणी खांद्याला हात लावून बघितलं असतं तरी कळलं असतं,” एवढेच तो म्हणाला. कोणावर राग नव्हता. पण आमच्या बैठकीत कारण दिल्याशिवाय शेरा मारू देत नाही तो हा माणूस, हे तेव्हा आम्हाला नीट उमगले.

“एवढ्या लवकर कसा पडला?” हा प्रश्न चांगलाच आहे. वाईट एवढेच, की तो प्रश्न कोणी प्रश्न म्हणून ठेवला नाही.

आजकाल प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा आता तरी असे होणार नाही असे वाटते ना? २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत महेंद्रने लावलेल्या बाहेरील टांगेला पंचांनी चार गुण दिले, आणि तिथे कुस्ती फिरली. नियम असा: उभ्याने डाव मारून समोरच्याला थेट पाठीच्या धोक्यात टाकले तर चार गुण, नुसते खाली आणून ताबा घेतला तर दोन. तेव्हा सारा वाद एकाच गोष्टीचा: सिकंदरची पाठ मातीकडे किती वळली होती? त्या काही क्षणांची चित्रफीत गावोगाव फिरली, थांबवून थांबवून पाहिली गेली. आणि निकाल काय? जो ज्या बाजूचा होता त्याला तीच बाजू चित्रफितीत दिसली. इतके होऊन प्रकरण पंचांना धमकी आल्याच्या पोलीस तक्रारीपर्यंत गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला, हे त्याने मैदानातच दिलेले उत्तर. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पुन्हा तेच: दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

पुण्याच्या त्या टांगेवर आमच्या बैठकीत दोन रविवार गेले. मास्तर एका बाजूचे, गुरुजी दुसऱ्या. दोघांनी पैलवानापुढे फोन धरला. त्याने ती चित्रफीत सात-आठ वेळा पाहिली आणि फोन परत केला. “टांग लागली, ती चांगली लागली. पाठ किती वळली ते या बाजूनं दिसत न्हाई. दिसत न्हाई ते मी सांगणार न्हाई.” मास्तर हिरमुसले. त्यांना निकाल हवा होता!

आमच्या गुरुजींनी यातून शाळेसाठी एक गोष्ट उचलली आहे, ती श्रोत्यांतल्या शिक्षक बंधुभगिनींसाठी सांगतो. जत्रेच्या सुट्टीनंतर ‘आमच्या गावची जत्रा’ हा निबंध ते आता देत नाहीत. तो गेली अनेक वर्षे एकाच पुस्तकातून उतरत आलेला आहे. ते सातवीच्या मुलांना सांगतात, तुम्ही पाहिलेली एकच कुस्ती किंवा एकच सिनेमा घ्या. आधी काय पाहिले ते लिहा. मग कुठे बसून पाहिले ते लिहा. मत त्यानंतर. मुले पहिल्या वर्षी वैतागली. “भारी होती” याच्या पुढे पेन्सिल सरकेना. कुस्तीत नुसता शेवट लक्षात राहतो, मधले काही आठवत नाही, हे त्यांना लिहायला बसल्यावर कळले. दुसऱ्या वर्षी पोरे मैदानातच एकमेकांना ढोसून “हे ध्यानात ठेव” म्हणू लागली.

गेल्या जत्रेतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या कुस्तीवर अकरा मुलांनी लिहिले. दहा मुलगे, सगळे हौद्याच्या कडेला बसलेले, आणि दहाही जणांनी लिहिले की कुस्ती चीत झाली. अकरावी मुलगी. आमच्याकडे मैदानात बायका-मुली अजून फारशा बसत नाहीत, म्हणून तिने ती कुस्ती शेजारच्या घराच्या गच्चीवरून पाहिली होती. तिने लिहिले की वरून पाहताना खालच्या पैलवानाचा डावा खांदा मातीपासून चार बोटे वर दिसत होता, आणि पंच उजव्या बाजूला उभे होते.

गुरुजींनी ती वही रविवारी टपरीवर आणली. पैलवानाने ते पान दोनदा वाचून घेतले. मग विचारले, “कुठली गच्ची?” गुरुजींनी सांगितली. तो म्हणाला, “तिथनं दिसतं. पुढच्या साली कमिटीला सांगून त्या बाजूला एक पंच उभा करायला लावतो.” जत्रा कमिटीच्या बैठकीत त्याने ही सूचना मांडली आहे. ती मान्य होईल की नाही, यावर सध्या आमच्यात दोन तट आहेत.